भुताची पुस्तकं सुचवा: बजेट 700, गच्चीवर मोठ्यानं वाचायची आहेत

गोदाकाठची_वाचणारी (नांदेड)
नमस्कार मंडळी. 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, आमच्या गच्चीवर भुताच्या गोष्टींची रात्र असते. यंदा तिसरं वर्ष. कॉलनीतल्या चार बायका, 10 ते 15 वयाची सहा-सात पोरं, एक सतरंजी, एक कंदील. मी वाचते, बाकीचे ऐकतात.

मागच्या वर्षी फजिती झाली. मोबाईलवर मिळालेली एक गोष्ट वाचली, पाऊण तास सगळे श्वास रोखून, आणि शेवटी काय? "त्याला दरदरून घाम फुटून जाग आली." आठवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "काकू, हे तर आमच्या बाई निबंधात पण चालवून घेत नाहीत."

तर अटी. मराठीत हवं. एक गोष्ट अर्ध्या तासात संपावी. रक्ताचा सडा नको. शेवटी स्वप्न निघायला नको. पांढऱ्या साडीतली बाई नको, तिला आता पेन्शन द्या. बजेट 700, वर एक रुपया नाही. आणि "हे आपलं नाही" म्हणणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा.

परखड_परभणीकर
वेगळा कशाला, इथंच म्हणतो. आपल्याकडं सर्वपित्री अमावस्या आहे, मुंजा आहे, वेताळ आहे. हे भोपळे कोरायचे धंदे अमेरिकेचे.

निवांत_मास्तर (अंबाजोगाई)
परभणीकर, अमेरिकेचे पण नाहीत. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागताना 'साविन' नावाचा सण असायचा, त्या रात्री मेलेली माणसं घराकडं फिरकतात अशी समजूत. तिथं आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथं भोपळा मिळाला. मोठा, कोरायला मऊ. म्हणून भोपळा. आता मला सांगा, पितर घरी येतात ही कल्पना कुणाची नाही?

परखड_परभणीकर
मास्तर, मग तुम्ही सलगम कोरा.

ई_वाचक_संभाजीनगर
ताई, माझं ऐका, पुस्तकं घेऊच नका. वाचनयंत्र घ्या, ते ई-रीडर. मी मागच्या दिवाळीत घेतलं, साडेनऊ हजार गेले पण डोळ्याला त्रास नाही, अंधारात वाचता येतं, कंदील पण नको.

गोदाकाठची_वाचणारी
दादा, बजेटमधलं एक शून्य तुम्ही पदरचं लावलंत. आणि कंदील हवाच आहे.

शेवटचं_पान_गायब (बीड)
ऑनलाइन मागवायचं असंल तर जरा जपून. मी एका विक्रेत्याकडून भयकथांचा संग्रह मागवला, निम्म्या किमतीत. हातात घेतल्यावरच कळलं, कागद पार बिस्किटाच्या पुड्याला गुंडाळतात तसा. 97 ते 112 पानं दोनदा, आणि 113 ते 128 नाहीतच. माणूस विहिरीत वाकून बघतो तिथं पान संपतं, पुढच्या पानावर तो परत घरी जेवायला बसलेला. लई डोकं फिरलं. पैसे परत मागितले तर "पुस्तक उघडलेलं आहे" म्हणाले. न उघडता कसं कळणार होतं बाबा?

उनाड_उदगीरकर
हॅ हॅ. माझी फजिती त्याच्यापेक्षा भारी. 2018 ला 'तुंबाड' सिनेमा बघितला आणि येडा झालो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन 'तुंबाडचे खोत' घेऊन आलो. दोन खंड, विटांसारखे. वाचूलालो, वाचूलालो, भूत कुठंय? खजिना कुठंय? दीडशे पानं झाल्यावर बायको म्हणाली, अहो, हे खोतांच्या घराण्याचं आहे.

निवांत_मास्तर (अंबाजोगाई)
श्री. ना. पेंडशांची कादंबरी ती, 1987 ची. कोकणातल्या एका घराण्याच्या चार पिढ्या. सिनेमाशी नातं नावापुरतं. पण विटा म्हणू नका, मराठीतलं मोठं काम आहे. पुढचं वाचलं का?

उनाड_उदगीरकर
टीव्हीखाली ठेवलेत मास्तर. उंची बरोबर बसली.

वाचनालयातली_मावशी (हिंगोली जिल्हा)
बाळ गोदाकाठची, मी एका 'ब' वर्गाच्या वाचनालयात बावीस वर्षं पुस्तकं देते-घेते. विकत घेण्याआधी वाचनालयाचं सभासद हो. आमच्याकडं सगळ्यात जास्त फिरतात ते नारायण धारप. एकेका पुस्तकाची बांधणी तीनदा झालीय, खाकी कापडाचा पुठ्ठा, पाठीवर शाईनं नाव. एका प्रतीत कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, "पान 64 च्या पुढं रात्री वाचू नये." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, "वाचलं. खरंय." तिसऱ्यानं नुसती तारीख टाकलीय. ती पानं मी खोडत नाही.

पण तुझ्या पोरांसाठी धारप नकोत, त्यांच्या कादंबऱ्या एका बैठकीत संपत नाहीत. रत्नाकर मतकरी घे. 'गहिरे पाणी', 'ऐक टोले पडताहेत'. कथा आटोपशीर, भूत दिसतंच असं नाही, पण मानेमागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. पोरांना सांग, 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण ह्याच माणसानं लिहिली. लगेच सावरून बसतील. सगळ्याच कथा लहानांच्या नाहीत, आधी स्वतः वाचून निवड.

गोदाकाठची_वाचणारी
मावशी, ही पहिली कामाची गोष्ट. पेन्सिलवाली प्रत बघायला यावंच लागेल.

शेवटचं_पान_गायब (बीड)
मी पण मतकरीच म्हणणार होतो. गहिरे पाणी.

ई_वाचक_संभाजीनगर
मतकरी. आणि धारपांचं 'लुचाई' पण घ्या, एक नंबर.

परखड_परभणीकर
लुचाई उचललेली आहे. स्टीफन किंगची.

निवांत_मास्तर (अंबाजोगाई)
उचललेली काय? रूपांतर म्हणा. किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून, ती 1975 ची. आणि किंगनं तरी कुठून आणलं? ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या एखाद्या गावात आला तर काय होईल, तिथून. बीज एकच असतं, जमीन कुणाची ते बघायचं. यात धारपांचा कमीपणा नाही.

त्यावरून आठवलं. ताई, 'ड्रॅक्युला' मोठ्यानं वाचायला फार सोयीची आहे. 1897 ची असली तरी सगळी रोजनिशी, पत्रं, तारा यांची बनलेली. एक रोजनिशी तुम्ही वाचा, पत्र दुसऱ्या बाईंनी, तार एखाद्या पोरानं. माणूस गढीत पोचतो तेवढाच सुरुवातीचा भाग अर्ध्या तासात होतो. मराठीत संक्षिप्त अनुवाद मिळतात.

कन्नड_घाटातला
गढी वरून आठवलं. मी कन्नडच्या घाटात रात्री दीडला मोटरसायकलवर होतो. वळणावर एक जण उभा, अंगावर घोंगडी, हात वर केला. थांबलो नाही. पुढच्या वळणावर परत तोच! हँडल थरथर कापायला लागलं...

गोदाकाठची_वाचणारी
पुढे?

कन्नड_घाटातला
दोघं भाऊ होते. ट्रक बंद पडला होता, एक खाली, एक वर, मदत मागत होते. चाळीसगावात टपरीवर कळलं. लई वाईट वाटलं नंतर.

गोदाकाठची_वाचणारी
भाऊ, पुस्तक सुचवायचं होतं. पण हे इथल्या निम्म्या शिफारशींपेक्षा बरं आहे. निदान जाग तरी आली नाही.

लातूरची_सून
आमच्या सासऱ्यांना चकवा लागला होता. स्वतःच्याच ज्वारीच्या रानात रात्रभर फिरूलाले. पहाटे कळलं, बांधापासून पन्नास पावलांवर होते. ते म्हणायचे, चकवा लागला की आहे तिथं बसायचं, उजाडेपर्यंत उठायचं नाही. पुस्तक माहीत नाही. मतकरी चांगले म्हणतात.

गोदाकाठची_वाचणारी
मंडळी, आभार. निकाल सांगते, शिव्या देऊ नका.

काल मतकरी घ्यायलाच निघाले होते. वाटेत रद्दीवाल्याकडं जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दिसला. किलोवर. पावणेपाच किलो, 140 रुपये. त्यात 'धनंजय'चे तीन अंक, रहस्य आणि भुतांनी भरलेले. एकाचं मुखपृष्ठ उंदरानं खाल्लंय, एकात वाण्याचा हिशोब सापडला. घरी येऊन वाचत बसले ते रात्री दोनला उठले. एक गोष्ट अशी काही आहे की मागनं फोडणीचा वास आला तरी मान वळवावीशी वाटली नाही. आणि तिचं शेवटचं पान नाही.

तीच वाचणार आहे.

शेवटचं_पान_गायब (बीड)
ताई!! मी एवढं घसा फोडून सांगितलं त्याचं काय?

गोदाकाठची_वाचणारी
त्यावरूनच तर सुचलं. शेवट नसला की तो स्वप्न निघणार नाही. पोरांना सांगणार, एकेक शेवट सांगा. त्या आठवीतल्या पोरीचा नंबर पहिला, बघू आता तिला काय जमतं. ती यंदा नववीत आहे, म्हणजे तोंड आणखी वाढलं असणार. मावशी, वाचनालयात नाव घालायला येतेच आहे. उरलेल्या पैशात लाल भोपळा आणि भज्यांचं बेसन.

वाचनालयातली_मावशी (हिंगोली जिल्हा)
ये. अनामत रक्कम सुट्टी आण.

परखड_परभणीकर
भोपळा केवढ्याला पडला? आमच्याकडं 40 रुपये किलो चालूय. आणि कोरून आतला गर टाकू नका, घारगे होतात.

ई_वाचक_संभाजीनगर
वाचनयंत्रात पानं गळत नाहीत, एवढंच सांगतो.