मदत हवी आहे: दुर्गम वस्तीतल्या गरोदर बायका वेळेवर रुग्णालयात पोचाव्यात म्हणून काय करता येईल?

नमस्कार. आमचा छोटा गट काही दुर्गम वस्त्यांमध्ये गरोदर बायकांसोबत काम करतो. गाडीरस्ता वस्तीच्या अलीकडेच संपतो, पुढे पायवाट, आणि ओढ्याला पाणी आलं की तीही बंद. सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय बरंच लांब. घरांची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

गाडी आहे. चालकाचा नंबर घराघरात भिंतीवर लिहिलेला आहे. तरी फोन उशिरा येतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं आहे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये बाळंतपणात जीव जाण्यामागचे तीन उशीर मांडले: जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. आमच्याकडे पहिला उशीर उरलेल्या दोघांतूनच जन्मतो. नवरा कामासाठी बाहेरगावी, सासूबाई म्हणतात थोडं थांबू, लेकरांना आणि जनावरांना कोण बघणार, परतायला गाडी मिळेल का? मागच्या वेळी रुग्णालयात कुणीतरी वसकन अंगावर आलेलं असतं, तेही लक्षात असतं. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. रात्री बाईला झोळीतून ओढ्यापलीकडे नेलं आणि तिथे 'डॉक्टर नाहीत, पुढे जा' हे ऐकलं, ते घर पुढच्या वेळी थांबणारच.

पण थांबायला वेळ कुठे असतो? बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी दोन तासांत जीव जातो. अडलेल्या बाळंतपणात साधारण दोन दिवस हाताशी असतात, जंतुसंसर्गात सहा. रक्तस्रावाचे ते दोन तास आमची पायवाटच खाऊन टाकते.

म्हणून तारखेच्या आधीच रुग्णालयाजवळ येऊन राहणं, म्हणजे प्रसूती प्रतीक्षागृह, हाच मला खरा उपाय वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये दुर्गम भागांसाठी त्याची शिफारस केली आहे. रुग्णालयाशेजारी तशी खोली आहेही, पण ती रिकामी पडून असते. एक बाई आली आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली. स्वयंपाकाला जागा नव्हती, सोबतच्या आईला अंथरूण टाकायला कोपरा नव्हता, आणि धाकटा मागे घरी होता.

ज्यांनी असं गृह चालवलंय किंवा जे तिथे राहिलेत, त्यांनी कृपया लिहा. बायका टिकाव्यात म्हणून काय बदललंत? लहान मुलं सोबत चालतात का? पहिली तपासणीच उशिरा झाल्याने तारीख पक्की नसेल, तर कधी बोलावता?

आणखी एक. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं औषध, ऑक्सिटोसिन, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्याकडे वीज सारखी जाते. त्याच कामाचं, पण उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन कुणाकडे प्रत्यक्ष वापरात आहे का? परिचारिकांनी आवर्जून लिहावं.

प्रतिसाद:

ताई, मी परिचारिका आहे. कार्बेटोसिन आमच्याकडे नाही. ऑक्सिटोसिन लसींच्या शीतपेटीत ठेवतो, पण वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून, म्हणजे लस समजून उचललं जात नाही.

खोलीचं म्हणाल तर नवव्या महिन्यात विषय काढू नका. सातव्यातच घरच्यांसोबत बसा. सोबत कोण जाणार, मुलं कुणाकडे राहणार आणि नवरा नसेल तेव्हा कुणाचा शब्द चालेल, हे सगळ्यांसमोर ठरू द्या. सासूबाईंना आधी खोली दाखवून आणा. त्यांना पटली की सून येते. आमच्याकडे धाकट्या मुलाला सोबत आणायची मुभा दिली तेव्हापासून बायका राहू लागल्या. तुमच्या खोलीला संडास-न्हाणी आत आहे की बाहेर? रात्री अंधारात बाहेर जावं लागत असेल, तर आधी तेवढं करून घ्या.