मदत हवी आहे : अडत पेढीवरचे संगणक आणि फोन, काम न अडवता कुलूप कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या एका अडत पेढीवर मी हिशोब बघते. पेढीवर तीन संगणक आहेत आणि सगळ्यांत मिळून एक अँड्रॉइड फोन. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, ई-वे बिलाचे, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचेही त्यावरच. शेतकरी आधार कार्ड आणि पासबुकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तेही याच नंबरवर. हंगामात हा फोन दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतो. त्याला लॉक नाही, संगणकांना पासवर्ड नाही.

आत्ता विचारायचं कारण म्हणजे आमच्याच ओळीतल्या एका पेढीवर झालेला प्रकार. तिथल्या दिवाणजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीच्या दंडाचं चलन म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल आली. ती उघडली, तिने मागितलेली एसएमएसची परवानगी दिली गेली आणि तिथून पुढे आलेला प्रत्येक ओटीपी परस्पर चोराला दिसू लागला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केल्यामुळे काही रक्कम थांबवता आली, सगळी नाही. आमच्याकडे असं झालं तर पेढीचे पैसे जातीलच, पण ज्यांनी विश्वासाने पासबुक पाठवलंय त्या शेतकऱ्यांना काय सांगायचं, याने मला झोप येत नाही.

आमच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांचं म्हणणं, "सौदे चालू असताना दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार?" त्यात तथ्य आहे. सौदा झाला, वजनं झाली की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, लगेच निघावी लागते, शेतकऱ्याला परतीची एसटी गाठायची असते.

एका संगणकावर मी प्रत्येकाचं वेगळं खातं केलंय. ॲडमिनचं खातं एकच ठेवलं, बाकीची साधी, म्हणजे कुणालाही नवीन सॉफ्टवेअर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागेल. पण साध्या खात्यातून टॅली, म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडली की डेटा सेव्ह होत नाही. दुसरा संगणक जुना आहे, विंडोज १० वर चालतो. तिसरा नवा लॅपटॉप आहे, त्यात डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे आतला सगळा डेटा सांकेतिक करून ठेवणं, चालू करावं का, आणि अडलं तर तो उघडायची ती ४८ आकडी रिकव्हरी की कुणी कुठे ठेवायची? आणि मुख्य म्हणजे, एकच फोन सगळ्यांनी वापरायचा असेल तर त्याला लॉक लावायचं तरी कसं?

प्रतिसाद

ताई, आधी फोनचं बघा, संगणक एक आठवडा थांबले तरी चालतील. अँड्रॉइडमध्ये एकापेक्षा जास्त बोटांचे ठसे नोंदवता येतात. काका, तुम्ही आणि दिवाणजी एवढ्यांचेच नोंदवा, हमालांच्या आणि गाडीवाल्यांच्या फोनाफोनीसाठी साधा बटणाचा फोन वेगळा ठेवा. बोट लावायला एक सेकंदही लागत नाही, काकांची तक्रार तिथेच संपेल. मात्र हळद हाताळलेल्या बोटाला सेन्सर नेहमी दाद देत नाही, त्यामुळे सहा आकडी पिनही पाठ असू द्या.

मग सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' शोधा. ही परवानगी ॲपनिहाय असते. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींसमोर ती बंद आहे ना, ते पाहा. शेजारच्या पेढीवरची फाइल याच दारातून आत आली असणार. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी सोय, चालू ठेवा. लॉक असताना स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक असूनही ओटीपी कुणीही वाचू शकतो.

प्रतिसाद

वरच्या दादांनी सांगितलं त्यात सिम लॉक राहिलं. फोनला कितीही लॉक लावलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि सगळे ओटीपी तिकडे येतात. सेटिंगमध्ये सिमला पिन लावता येतो. लावण्याआधी तुमच्या कंपनीचा मूळ पिन काय आहे ते त्यांना विचारून घ्या. अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड मागतो आणि तो कंपनीकडूनच घ्यावा लागतो. ऐन सौद्यात हे नको.

*#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवरून तो बंद करता येतो, तेव्हा हाच क्रमांक लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा आणि 'लिंक केलेली डिव्हाइसेस' उघडून पाहा. पेढीवरच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप कायम उघडं राहतं आणि शेतकऱ्यांचे सगळे कागद तिथे दिसतात. ओळखीचं नसलेलं जे दिसेल ते लगेच काढा. शेतकऱ्यांकडून जमेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा.

प्रतिसाद

टॅलीचं सोपं आहे. ज्या फोल्डरमध्ये कंपनीचा डेटा आहे, त्यावर साध्या खात्यांना लिहिण्याची परवानगी द्या, बहुतेक तेवढ्यानेच सेव्ह होईल. त्यासाठी सगळ्यांना परत ॲडमिन करू नका. टॅलीतही प्रत्येकाचं वेगळं युजर नाव करा. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा सांकेतिक करणारा पासवर्ड लावणार असाल तर तो हरवला की परत मिळत नाही, हे काकांना आधी सांगा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तात्पुरती. त्यावर बँकेचं काम आजपासून बंद करा, पावत्या छापायला वापरा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जुन्या मशीनवर विंडोज ११ चालेलच असं नाही.

लॅपटॉपचं एन्क्रिप्शन जरूर चालू करा. लॅपटॉप एसटीत राहिला तरी आतला डेटा कुणाला वाचता येणार नाही. विंडोज होम असेल तर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने मिळतं, प्रोमध्ये बिटलॉकर. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जात असेल तर ते खातं पेढीचं हवं. विक्रेत्याने स्वतःच्या ईमेलने चालू करून दिलेले लॅपटॉप मी पाहिलेत, मग की त्याच्याकडे राहते. की छापून काकांच्या घरच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नाही.

आणि ओटीपी ओरडून सांगायची पद्धत थांबवायची असेल तर ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर, म्हणजे पेढीच्या खात्याखाली प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करा. १ एप्रिल २०२५ पासून तिथे दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची आहे, पण सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. पेढीचा फोन मोकळा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. परवानगी दिल्यावर टॅली साध्या खात्यातून नीट चालली. सब-युजरचं ऐकून काका स्वतःच म्हणाले, "हे आधी कर." खुर्चीवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायचं, हेही आमच्या दिवाणजींनी लगेच उचललं.

एक राहिलं. बॅकअप आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो, ती संगणकाला कायम जोडलेली असते. चालेल का?

प्रतिसाद

नाही ताई. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही तो त्याच क्षणी लॉक करतो. दोन डिस्क घ्या, रोज संध्याकाळी बॅकअप झाला की काढून ठेवा आणि आलटून पालटून एक पेढीबाहेर जाऊ द्या. दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट करा, शेतकऱ्यांची खाती त्यावरही असतात.

पेढीबाहेर म्हणजे कुठे, तेही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गणपती पेठेत पाणी शिरलं तेव्हा किती दुकानांचे संगणक आणि खालच्या खणातले बॅकअप एकदमच बुडाले. त्यामुळे दुसरी डिस्क कृष्णेच्या पूररेषेबाहेर, विश्रामबागेच्या पुढे किंवा मिरजेत कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर असू दे. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी पट्टी उघडून छापून बघा, म्हणजे बॅकअप खरंच होतोय का ते कळेल.