समुपदेशकाची पार्श्वभूमी: भांडवल की अडसर?

कोयतेकर: समुपदेशकानं स्वतःची जात, गाव, लैंगिकता दाराबाहेर ठेवून खोलीत यावं, असं आमच्या क्षेत्रातले ज्येष्ठ सांगतात. मला पटत नाही. मी ऊसतोड्याच्या घरातला. दिवाळी झाली की आई-बाप कारखान्यावर, मी आजीजवळ. हॉस्टेलवरचं पोरगं ‘डोकं जड होतं’ एवढंच म्हणतं, तेव्हा मुकादमाची उचल आणि घरी फोन करायची भीती मला न सांगता दिसते.

मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क बघा. अमेरिकेच्या दक्षिणेत, काळ्यांसाठी वेगळ्या शाळांत शिकली. काळ्या मुलांना ‘यातली छान बाहुली कोणती?’ असं विचारणारे काळ्या-गोऱ्या बाहुल्यांचे प्रयोग तिच्याच प्रबंधाच्या कामातून पुढे आले. वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात त्यांचा आधार घेतला गेला. १९४६ मध्ये नवऱ्यासोबत न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत मुलांसाठी केंद्रही काढलं. गोऱ्या वस्तीत वाढलेल्या कुणाला हा प्रश्न सुचला असता का?

वैद्यबाई: ‘न सांगता दिसते’, धोका नेमका तिथंच आहे. त्या मुलाचा कदाचित प्रेमभंग झाला असेल, आणि तुम्ही त्याला उचलीबद्दल विचारत बसाल. कार्ल रॉजर्स कर्मठ धार्मिक घरात, शेतावर वाढले. धर्मशास्त्र शिकायला गेले, ते सोडून मानसशास्त्राकडे वळले आणि समोरच्याला विनाअट स्वीकारा म्हणाले. घरात मिळालं त्याच्या हे जवळपास उलट.

निळासावळा: बाई, पुस्तकात छान वाटतं. मी गे आहे. एका प्रशिक्षित, पदवीधर समुपदेशकानं मला ‘लग्न कर, होईल ठीक’ असं सांगितलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्यात जात, लैंगिकता, वर्ग यांवरून भेदभाव नको असं कलम १८ मध्ये स्पष्ट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये ‘कन्व्हर्जन थेरपी’ला, म्हणजे माणसाची लैंगिकता बदलू पाहणाऱ्या ‘उपचारां’ना, व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, पण ते डॉक्टरांपुरतं. हा गृहस्थ डॉक्टर नव्हताच.

लातूरकरीण: माझं उलट. आमच्याच समाजातल्या समुपदेशकाकडे मी पाऊलही ठेवणार नाही. मावशीच्या जावेची नणंद निघायची, आणि बातमी माझ्याआधी घरी! मला परकाच हवा. फी जास्त घेतली तरी चालेल.

कोयतेकर: ताई, हा मुद्दा मान्य, लहान गावात गोपनीयता हीच पहिली गरज. वैद्यबाई, गृहीत न धरता विचारतो तर मीही. पण काय विचारायचं हे कुठून सुचतं? आणि दुसरी बाजू कुणी बोलतच नाही. आमच्यासारख्यांना संस्था वस्तीतल्या केसेस देतात, तुटपुंज्या मानधनावर. कंपन्यांचे क्लायंट मात्र ‘चांगलं इंग्रजी’ असलेल्यांना.

वैद्यबाई: खरं आहे, सर्रास चालतं. पण हे तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातं. ‘आपल्या माणसाला आपलाच समुपदेशक’ असं म्हटलं की वाटप असंच होणार. कंपनीतल्या मॅनेजरला ऊसतोड्याच्या मुलानं का नाही ऐकायचं?