डोळ्याखाली फिलर घेतलं, आता निळसर पट्टा दिसतोय. काय करू? (बजेट ५ हजार)

सदाफुली:
डोळ्याखालचे खड्डे भरायला हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर (टोचून भरायचं जेल) घेतलं, ७ आठवडे झाले. खड्डे भरले, पण डाव्या डोळ्याखाली निळसर राखाडी पट्टा आलाय. दुखत नाही, हाताला मऊ लागतो. क्लिनिकवाले म्हणतात थांबा, जाईल. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे. बटाटा काकडी करून झालंय.

अबोली:
बटाट्याचा रस रोज लावावा लागतो गं, मधे खंड पडला की उपयोग नाही. बाळंतपणानंतर माझी काळी वर्तुळं त्यानेच गेली.

निशिगंध:
आधी सांग रंग बदलतोय का? रक्त साकळलं असेल तर जांभळा, हिरवट, पिवळा होत दोनेक आठवड्यांत जातं. ७ आठवडे तोच निळा म्हणजे बहुतेक टिंडल इफेक्ट. जेल कातडीच्या फार वरच्या थरात बसलं की त्यातून उजेडातला निळा रंग जास्त विखुरतो. मी ८ महिने थांबले, तिथलं फिलर वर्षानुवर्षं राहू शकतं हे मला कोणी सांगितलंच नाही. शेवटी हायल्युरॉनिडेज टोचून विरघळवलं, दोन दिवसांत निळेपणा गेला.

घाटावरचा:
मुळात टोचून घ्यायचंच कशाला? बायकोने वांगासाठी लेसर केलं, १८ हजार गेले पण चेहरा उजळला. लेसर करा.

निशिगंध:
अहो दादा, वांगात रंगद्रव्य असतं, इथे जेल आहे. लेसर मारणार कशावर?

घाटावरचा:
आमचा अनुभव सांगितला, बाकी तुमची मर्जी.

कृष्णाकाठ:
मीपण विरघळवलं. निळं गेलं पण खड्डे परत आले, आधीपेक्षा खोल वाटले, आठवडाभर रडत होते. दोनदा जावं लागलं, ५ हजारांत काही भागलं नाही. आणि मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांग, या इंजेक्शनलाही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. फिलर नक्की कुठलं ते बिलावर बघ, हायल्युरॉनिक नसेल तर याने विरघळत नाही.

अबोली:
तेच म्हणते मी, घरचं बरं.

रानजाई:
वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. फिलर टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीसारखी जांभळी झाली, खूप दुखायला लागलं किंवा नजर धूसर झाली, तर तो साधा डाग नाही, रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. तेव्हा इथे प्रश्न टाकत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. माझ्या बहिणीचा ओठ असाच पांढरा पडला होता, तासाभरात पोचलो म्हणून निभावलं.
सदाफुली, तुझं तसं नाही वाटत, पण दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव आणि लग्नाआधीच विरघळव.

निशिगंध:
+१, उद्याच जा.

सदाफुली:
सगळ्यांचे आभार. रंग पहिल्यापासून तसाच आहे, बिलावर हायल्युरॉनिकच लिहिलंय. काल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्या पण टिंडलच म्हणाल्या, घाई नाही म्हणाल्या. मी लग्नाआधी विरघळवणार नाहीये. सूज आली, खड्डे परत दिसले तर फोटोत मला ते जास्त लागेल. पीच रंगाचं करेक्टर घेतलंय, ६५० रुपये, निळं बऱ्यापैकी झाकतं. लग्न झालं की दुसऱ्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतलीये.

कृष्णाकाठ:
करेक्टर कुठलं घेतलंस? मलाही हवंय.