चित्रकलेच्या तासाला गुण द्यावेत की नुसती नोंद ठेवावी?

रेघोटी:
दहापैकी सात दिले, पण कशाला दिले? महिन्याभराने देणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा वर्षातून तीनदा तोच विषय द्या. बाकावर स्वतःचा बूट, ए४ कागद, २बी पेन्सिल, २५ मिनिटं, खोडरबर नाही. कागदामागे तारीख. तिन्ही शेजारी मांडले की पहिल्यात लेस म्हणजे नुसती फुल्यांची रांग असते. तिसऱ्यात ती भोकातून आत शिरून दुसरीखालून बाहेर येते. हे आकड्यात कसं मावणार?

ठिपका:
निकष नीट लिहिले तर मावतं. ‘छान’, ‘समाधानकारक’ हे निकषच नव्हेत. छायाभेदापुढे असं लिहा: १ म्हणजे सगळीकडे एकच करडा, २ म्हणजे उजेड-सावली वेगळी, मधल्या छटा गायब, ३ म्हणजे किमान चार छटा आणि सावल्या एकाच दिशेला. असे तीनच निकष पुरेत. आठ ठेवलेत तर ४० मुलांच्या ३२० नोंदी होतात, मग शेवटच्या दहाजणांना अंदाजपंचे गुण पडतात.
आणि तिसऱ्यांदा मूल बुटाकडे बघतच नाही, पाठ झालेला बूट काढतं. वस्तू बदला.

रेघोटी:
वस्तू बदलली की तुलना संपली. रुमालाच्या चुण्या आणि डब्याच्या कडा एका मापात कशा बसतील? पाठ होतोय तर बूट फिरवून ठेवा.

ठिपका:
टोकाकडून बूट आखडलेला दिसतो, तो बाजूच्या बुटापेक्षा कितीतरी अवघड. म्हणजे तुमचंही माप बदललंच की!

कोराकागद:
दोघंही पूर्ण झालेल्या चित्रावर अडलात. जलरंगात प्रगती आधी कच्च्या कागदावर दिसते: पाण्याचा अंदाज, वाळायच्या आत पुन्हा ब्रश फिरवून पडलेले डाग. ते कागद फेकू नका, त्याच फाइलला लावा.
आणि निकषांशिवायही क्रम लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७मध्ये जोडीजोडीने तुलना करण्याचं गणित मांडलं. नावं झाकून दोन चित्रं समोर घ्यायची, ‘जास्त निरखून काढलेलं कुठलं?’ एवढंच ठरवायचं. ४० चित्रं, प्रत्येक दहा वेळा, म्हणजे २०० जोड्या. तिघांत वाटल्या तर जड नाहीत. धोका एकच, स्वच्छ कागद उगाच जिंकतो.

ठिपका:
क्रम लागेल हो. पण ‘तू सतरावा’ म्हटल्यावर त्या मुलाने पुढच्या तासाला पेन्सिल कुठे टेकवायची? ‘मधल्या छटा गायब’ म्हटलं तर तेवढं तरी कळतं.