मदत हवी आहे: डेल शॅननच्या गाण्यांबद्दल

नमस्कार मंडळी. सध्या डेल शॅननचं वेड लागलंय. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या क्लबात गाणारा हा माणूस 1961 मध्ये ‘रनअवे’ घेऊन थेट अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचला. त्यातला मधला किंचाळणारा वाद्याचा तुकडा आठवतोय? तो मॅक्स क्रुकने म्युझिट्रॉनवर वाजवलाय. म्युझिट्रॉन म्हणजे क्लॅव्हिओलिन या जुन्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये त्याने स्वतः फेरफार करून बनवलेलं यंत्र. आणि क्लॅव्हिओलिन म्हणजे आपल्या ‘नागिन’मधली कल्याणजींची बीन! हे कळल्यावर मी दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली, घरचे वैतागले.

तर दोन प्रश्न. साध्या कीबोर्डवर तो आवाज जवळपास आणायचा तर कोणता टोन घ्यावा? बासरीचा फार मऊ वाटतो, ऑर्गनचा जड.

दुसरं, शॅनन पुढे दुसऱ्या गायकांच्या रेकॉर्डचा निर्माताही झाला. 1970 मधलं ब्रायन हायलंडचं ‘जिप्सी वुमन’ त्याचंच काम, तेही तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. त्याने दुसऱ्यांसाठी केलेलं आणखी काय ऐकावं? गायक म्हणून सगळे त्याला ओळखतात, या बाजूबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

जुन्या रेकॉर्डवाल्यांनी जरा सांगा ना!