किप्पा, मझूझा, हिजाब: सरसकट 'धर्मचिन्ह' म्हणावं का?

प्रश्न: इस्रायलमधल्या सार्वजनिक विद्यापीठांवरच्या लेखात किप्पा (ज्यू पुरुषांचं डोक्यावरचं छोटं गोल आच्छादन), मझूझा (ज्यूंच्या दाराच्या चौकटीवरची डबी) आणि हिजाब या तिन्हींना 'धर्मचिन्ह' म्हटलंय आणि मझूझासाठी 'ताईत' वापरलाय. चालेल का?

– 'ताईत' अजिबात नको. ताईत अंगावर बांधतात, मझूझा दाराच्या चौकटीला ठोकतात. डबीत चर्मपत्राची गुंडाळी असते: बायबलमधल्या 'अनुवाद' (Deuteronomy) या ग्रंथातले दोन उतारे (६:४–९ आणि ११:१३–२१), २२ ओळी, ७१३ अक्षरं, सगळं हातानं लिहिलेलं. आत छापील कागद असेल तर डबी कितीही देखणी असो, मझूझा होत नाही. ओल किंवा उन्हानं शाई तडकून एक अक्षर तुटलं तरी गुंडाळी बाद. म्हणून घरातली सात वर्षांत दोनदा तपासायची, सार्वजनिक इमारतीतली पन्नास वर्षांत दोनदा. जागा: आत शिरताना उजवीकडे, चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश भागाच्या तळाशी. अश्कनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या परंपरेचे ज्यू) तिरपी लावतात, सेफार्दी (स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेचे) उभी. स्वच्छतागृहाला लावत नाहीत. कोकण-मुंबईतल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांमुळे हा शब्द मराठीला परका नाही, तसाच ठेवा.

– 'धर्मचिन्ह' चूक नाही, ढोबळ आहे. वर्गाच्या दारावरची मझूझा संस्थेनं लावलेली असते, मग आत कुणीही बसो. किप्पा आणि हिजाब ज्याचा त्याचा. या चिन्हांवरचा वाद नेमका कशावर चाललाय हे या फरकावरून ठरतं, त्यामुळे 'इमारतीवरचं चिन्ह' आणि 'अंगावरचं चिन्ह' असं वेगळं लिहावं. किप्प्याला 'टोपी'ही करू नका. विणलेला किप्पा बहुधा राष्ट्रीय-धार्मिक प्रवाहाचा, काळा मखमली हरेदींचा (कट्टर परंपरानिष्ठ ज्यूंचा). 'टोपी'त हे सगळं पुसलं जातं.

– 'सार्वजनिक' म्हणजे 'धर्मनिरपेक्ष' असं वाचक धरून चालेल, तेही सांभाळा. तिथे त्याचा अर्थ उच्च शिक्षण परिषदेच्या नियोजन व अंदाजपत्रक समितीमार्फत पैसा मिळणारं. धार्मिक झायोनिस्टांनी (ज्यू राष्ट्रवाद आणि धर्मपालन यांची सांगड घालणाऱ्यांनी) १९५५ मध्ये उभं केलेलं बार-इलान विद्यापीठही त्यातच मोडतं.

– लेखात 'राष्ट्रीयत्व: ज्यू' आलंय, त्याला टीप हवीच. मूळ हिब्रू शब्द 'लेओम'. नागरिकत्व इस्रायली, पण लोकसंख्या नोंदणीत लेओम ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा वेगळा धार्मिक समाज) वगैरे. तिथे 'इस्रायली' लिहू द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये फेटाळली. मराठीत 'राष्ट्रीयत्व' म्हटलं की पासपोर्टच आठवतो, तेव्हा 'लेओम (वांशिक-राष्ट्रीय गट)' लिहा.